बोटाने दाखवता येणारं दुखणं

तीर्थस्वरूप अक्का यांस,

सप्तांग नमस्कार. पूर्वीच्या पत्रांत मी साष्टांग लिहीत असे, पण सध्या आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा हात खांद्यापासून, कामावरून कमी केलेला आहे, आणि वडीलधाऱ्या माणसाला खोटा नमस्कार घालणं बरं दिसत नाही. उरलेली सात अंगं आपल्या पायांशी आहेत असं समजावं. (त्यांतही एक गुडघा कुरकुरतो, पण तो पूर्वीपासूनच कुरकुऱ्या आहे, त्याचं मनावर घेऊ नये.)

आपली प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना, की अजून वॉर्डातल्या सवयीने आजूबाजूच्या सगळ्यांना गोळ्यांची आठवण करून देता आणि स्वतःची तेवढी विसरता? खालच्या बिऱ्हाडाचं कुत्रं अजून आपल्याच पायपुसण्यावर झोपतं का? मोतीबिंदूचं काय ठरलं? मी हे सगळं विचारतो आहे खरा, पण ज्याने चौदा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही त्या माणसाला हे विचारायचा काय अधिकार, असं आपण म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. न लिहिण्याचं कारण पुढे येईल. (किंवा येणार नाही. लिहिता लिहिता धीर झाला तर बघू.)

पत्राला कारण असं की मला एक वैद्यकीय शंका विचारायची आहे. व्यायामानंतरचं नेहमीचं अंगदुखणं कोणतं आणि खरी दुखापत कोणती, हे कसं ओळखावं, आणि माणसाने विश्रांती कधी घ्यावी? आपण बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होतात, नुसत्या आपल्या चपलांचा आवाज आला तरी प्लास्टरमधली माणसं सरळ होऊन झोपायची, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच विचारायचा. आधी मी असं लिहिणार होतो की शंका माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची आहे. पण आपण ते पहिल्याच ओळीत ओळखलं असतं, शिवाय माझ्या ओळखीचे गृहस्थ आता फारसे उरलेलेही नाहीत.

आता आपण विचाराल की ह्या वयात ह्या माणसाला व्यायामाची दुर्बुद्धी सुचली कशी. तर त्याचं असं झालं. लिफ्टच्या देखभालीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला घरी बसवलं की त्याच्या पहिल्यांदा काय लक्षात येत असेल, तर हे की घरातली एकही वस्तू वर-खाली होत नाही. सगळं जिथल्या तिथे. कप ठेवला की तिथेच. संध्याकाळी बघितलं तरी तिथेच. तुमची धाकटी बहीण होती तेव्हा ह्या घरात वस्तू चालायच्या. माझा चष्मा टेबलावरून खिडकीत जायचा, खिडकीतून कपाटावर, आणि मग तो कुठे आहे ह्यावर आमचं अर्धा तास बोलणं व्हायचं. आता चष्मा हरवत नाही. हे फार वाईट आहे, अक्का. तर एकदा एका पार्सलवाल्याने दारात मला नाव विचारलं, आणि माझ्या घशातून नुसती किरकिर बाहेर आली, शब्द नाहीच. पार्सल होतं शेजारच्यांचं, तो तिकडे देऊन गेलासुद्धा, पण मी दारातच उभा राहून आठवू लागलो की आपण शेवटचं कोणाशी आणि काय बोललो. आठवलं ते असं की सोमवारी पावाच्या दुकानात 'कापून द्या' म्हटलं होतं. पार्सलवाला आला तो गुरुवारी.

म्हणून मी माझ्या जुन्या लिफ्टा बघायला जायला लागलो. हसू नका. मंडईच्या पलीकडे रंगाच्या दुकानावर जी चार मजली इमारत आहे, तिथली लिफ्ट मी माझ्या हाताने बसवलेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती एक बारीक हुंकार देते. (दोष नाही, स्वभाव आहे.) तो हुंकार ऐकायला मी आत शिरलो आणि वर-खाली, वर-खाली अशा पाच फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीला तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे बूट आणि कपाळाला आठ्या अशा एक बाई उभ्या. ही तिथल्या व्यायामशाळेची कोचबाई. ती म्हणाली, "अहो, आत-बाहेर काय करताय? सगळ्यांनाच पहिल्या दिवशी लाज वाटते. या." मी सांगणार होतो की मी लिफ्टचा माणूस आहे. पण तिने माझ्या हातात फॉर्म दिला आणि त्यातलं स्वतःच वाचून विचारलं, "काही दुखतंय का?"

अक्का, ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला इतका वेळ लागला की तिने खुर्ची आणून दिली. तिला वाटलं मला धाप लागली आहे. मी म्हटलं, "तसं काही नाही," आणि सही केली.

पहिला दिवस छान गेला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, बसायचं, मग हातात चिमुकली डंबेल्स घेऊन (गुलाबी रंगाची, दुसरी शिल्लक नव्हती) ती वर-खाली करायची. मला वाटलं, एवढंच? मी शीळ घालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेलो तर मांड्या कोणी रात्रीतून बदलून नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. खुर्चीत बसणं म्हणजे वरच्या मजल्यावरून दोर सुटल्यासारखं, निम्म्यात पाय सोडून द्यायचे आणि पुढचं नशिबावर. जिना मी पाठमोरा उतरलो. मला खात्रीच पटली की आपला शेवट जवळ आला. म्हणून मी धुतलेला शर्ट घातला, गॅस बंद केला, आणि दाराची कडी काढून ठेवून पलंगावर पडलो, म्हणजे नंतर लोकांना दार तोडायला नको. (दार चांगलं आहे, सागवानी. उगाच कशाला.) तासाभराने फोन वाजला. कोचबाई! "काय हो, आज आला नाहीत?" मी क्षीण आवाजात सगळी लक्षणं सांगितली. ती खो खो हसली आणि म्हणाली, "पडून राहू नका. उठा, चौकापर्यंत चालून या, कोमट पाण्याने आंघोळ करा. परवा भेटू." मी उठलो, चाललो, आणि खरंच बरं वाटलं. पण ते चालण्याने वाटलं की कोणीतरी 'आला नाहीत' म्हटलं म्हणून वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी कडी घालायचीच विसरलो.

पुढच्या खेपेला कोचबाईने आम्हा नव्यांना भिंतीशी उभं करून शिकवणी घेतली. ती म्हणाली, व्यायामाचं साधं दुखणं लगेच येत नाही; ते दुसऱ्या दिवशी उगवतं, तिसऱ्या दिवशी डोक्यावर बसतं आणि चार-पाच दिवसांत आपल्या पायाने निघून जातं. ते बहुतेक दोन्ही अंगांना सारखं असतं, पसरट असतं, आणि हालचाल केली की सैल पडतं. त्याला घाबरायचं नाही, फक्त त्याच जागेला दोन दिवस काम द्यायचं नाही. दुखापतीची तऱ्हा वेगळी. ती तिथल्या तिथे, करता करताच होते, एकाच बाजूला, बहुधा सांध्याच्या आसपास. हलवलं की वाढते, आठवडा गेला तरी हलत नाही, आणि सूज आली किंवा हातापायातला जोर गेला तर मग विचारायचंच नाही, थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. आणि मग तिने तिची परीक्षा सांगितली. "मी विचारेन, कुठे दुखतंय? तुम्ही अख्खा तळहात फिरवून 'इथे सगळीकडे' म्हणालात, तर चला कामाला. एका बोटाने नेमकी जागा दाखवलीत, तर चला घरी."

आता आपल्याला माहीत आहे की मी यंत्राचा माणूस. आमच्या खात्यात प्रत्येक लिफ्टची एक वही असायची आणि तपासणी झाली की त्यात तीनपैकी एक शेरा मारायचा: 'चालू द्या', 'लक्ष ठेवा', नाहीतर 'बंद'. मी घरी येऊन देहाची वही घातली. तारीख, जागा, आवाज, शेरा. उदाहरणार्थ: 'दोन्ही मांड्या, पुढील बाजू. जिना उतरताना आवाज येतो (माझा). चालू द्या.' किंवा 'पोट. हसताना दुखते. हसण्याचा प्रसंग आला नाही, शिंक आली होती. चालू द्या.' ही वही मी व्यायामशाळेत नेऊ लागलो आणि तिची कीर्ती झाली. माझ्या शेजारच्या चटईवर एक बेकरीवाल्या बाई असतात, पहाटेपासून भट्टीसमोर उभ्या असतात आणि नऊ वाजता इथे येऊन आणखी उठाबशा काढतात. त्या रोज आल्या आल्या विचारायच्या, "काय हो लिफ्टवाले, आज कोणत्या मजल्यावर दुखतंय?" तिथे सगळेच सगळ्यांना हेच विचारतात. जगात इतर ठिकाणी माणसं भेटली की 'बरे आहात ना' म्हणतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात. तिथे 'कुठे दुखतंय' म्हणतात आणि उत्तर ऐकून घेतात, वर स्वतःचं सांगतात. मी आठवड्यातून चार दिवस जायचो. उरलेले तीन दिवस कोचबाईने सक्तीच्या विश्रांतीचे म्हणून नेमले होते, स्नायू भरून यायला. स्नायू भरून यायचे, पण ते तीन दिवस मला घर खायला उठायचं. खरं सांगायचं तर मला व्यायामाची कधीच भीती वाटली नाही, अक्का. मला विश्रांतीची भीती वाटते.

आणि म्हणूनच पुढचा घोटाळा झाला.

सात आठवड्यांपूर्वीची गोष्ट. डंबेल्स एव्हाना गुलाबीवरून करड्या रंगाला पोचली होती आणि मला थोडी मिजास आली होती. दोन्ही हात डोक्यावर नेताना उजव्या खांद्यात 'खट्' झालं. आवाज असा की बेकरीवाल्या बाईंनी खाली काही पडलं का म्हणून बघितलं. दोष कुठे आहे हे मला त्याच क्षणी कळलं. छत्तीस वर्षं मी हेच केलं आहे, आवाजावरून जागा सांगायची. मी डोळे मिटून त्या जागेवर बोट ठेवू शकलो असतो. कोचबाई धावत आली. "कुठे दुखतंय?" आणि मी, ज्याच्या शब्दावर चार मजल्यांची माणसं डोळे झाकून वर जायची, तो मी, अख्खा तळहात खांद्यावर, पाठीवर, मानेवर फिरवून म्हणालो, "इथे, असं सगळीकडे." तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ठीक आहे, आज हलकं करा."

घरी येऊन वहीत शेरा मारला: 'लक्ष ठेवा'. आमच्या खात्यात ह्या शेऱ्याइतका सोयीचा शेरा दुसरा नव्हता. 'बंद' लिहिलं की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन जिन्यात बसायच्या आणि माझ्या नावाने बोटं मोडायच्या. म्हणून अगदी नाईलाज होईपर्यंत मी 'लक्ष ठेवा' लिहायचो आणि खरोखरच रोज जाऊन लक्ष ठेवायचो, हे माझ्या बाजूने सांगतो. पण लिफ्टवर लक्ष ठेवणारा मी वेगळा होतो आणि लिफ्ट वेगळी होती. खांदाही मीच आणि लक्ष ठेवणाराही मीच, तर दोघांची मिलीभगत होणारच. पाच आठवडे ओळीने 'लक्ष ठेवा'. पहिल्या आठवड्यात मला कंगवा डोक्याच्या मागे नेता येईना, तर मी डोकं कंगव्याकडे नेऊ लागलो. दुसऱ्या आठवड्यात शर्ट आधी उजव्या बाहीत हात घालून, मग गोल फिरून, मग भिंतीला पाठ लावून घालायचा, अशी नवी पद्धत शोधली. (सतरा मिनिटं.) तिसऱ्यात वरच्या फळीवरच्या सगळ्या वस्तू डाव्या हाताने खाली आणून ओट्यावर मांडल्या. आणि दर खेपेला व्यायामशाळेत जाऊन, घाम पुसायच्या निमित्ताने डोळे पुसून, सगळ्यांना सांगायचं, "काही नाही, नेहमीचंच."

ही तळहाताची युक्ती मी कुठे शिकलो, तेही लिहून टाकतो, म्हणजे एकदाचं होईल. ती तुमच्या धाकटीची. तिला विचारलं की ती पोटावरून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "काही नाही हो, असंच सगळं जड झाल्यासारखं." एका बोटाने तिने कधीच दाखवलं नाही. आणि मी तिच्या डोळ्यांकडे न बघता हाताकडे बघून ठरवलं, चालू द्या. चार महिने चालू दिलं. मग आपण आलात. महिनाभर राहिलात, तिचं शेवटपर्यंत सगळं केलंत. आल्या दिवशी स्वयंपाकघरात मला विचारलंत, "तुम्हाला आधी कळलं कसं नाही?" आपण रागाने विचारलंत, की सिस्टर म्हणून विचारलंत, की नुसतंच तोंडातून गेलं, हे मला आजतागायत माहीत नाही. जाताना आपण 'कळवत जा' म्हणालात. पण ज्याला कळलंच नाही त्याने काय कळवायचं, असं वाटून मी कागद पुढे घ्यायचो आणि मागे सारायचो. चौदा महिने लिहिलं नाही त्याचं कारण हे. धीर झाला, लिहिलं. आता पुढे.

मी पकडला गेलो तो एका साध्या चटईमुळे. बेकरीवाल्या बाईंची गुंडाळलेली चटई कपाटावर होती आणि त्यांचा हात पोचेना. त्या म्हणाल्या, "लिफ्टवाले, जरा काढून द्या हो." मी सवयीने उजवा हात उचलला आणि तो कमरेच्या वर आलाच नाही. म्हणजे मी त्याला वर जा म्हणून हुकूम सोडला आणि तो मध्येच अडकला. सगळे बघत होते. मी विनोद करायचा प्रयत्न केला, पण तोंडातून 'आई गं' निघालं, तेही चांगलं मोठ्याने. कोचबाई आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डोळे मिटा." मी मिटले. "पटकन दाखवा, कुठे?" आणि माझं बोट, अक्का, मला न विचारता नेमकं तिथे जाऊन टेकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझी वही मागितली, पानं उलटली आणि पाच आठवड्यांचे 'लक्ष ठेवा' एकेक करून वाचले. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर दोन आठवड्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं. आता मी सांगेपर्यंत इथे पाय ठेवायचा नाही." मी म्हटलं, पाय चांगले आहेत, खांदाच तेवढा. तिला हसू आलं नाही. मी म्हटलं, मी नुसता बसून राहीन, इतरांचे आकडे मोजीन. नाही. म्हटलं, लिफ्ट बघीन. "लिफ्टला काही झालेलं नाही, तुम्हाला झालंय," म्हणाली. बेकरीवाल्या बाईंनी जाताना हातात ताज्या पावाची पिशवी दिली, आणि मी ती डाव्या हातात धरून खाली आलो. कोचबाईने मला ओळखीच्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंचा पत्ता लिहून दिला होता.

त्या फिजिओबाईंकडे एक प्लास्टिकचा सांगाडा आहे, खिडकीशी उभा. (माझ्यापेक्षा त्याचा खांदा चांगला आहे.) त्यांनी माझा हात धरून इकडे-तिकडे फिरवला, सोनोग्राफी करून आणायला लावली, आणि म्हणाल्या, खांद्यातली एक दोरी निम्मी उसवली आहे. तुटलेली नाही, पण आणखी महिनाभर असाच शहाणपणा केला असता तर तुटली असती. ऑपरेशन लागू नये असं वाटतं, पण विश्रांती, आणि मग सावकाश व्यायाम, आणि तीन महिने डोक्यावर काही उचलायचं नाही.

तीन महिने! आता दोन आठवडे झाले आहेत. विश्रांती घ्या असं सगळे सांगतात, पण ती कशी घ्यायची हे कोणी सांगत नाही. मी सकाळी नऊ वाजता बूट घालतो. (नाडीचे नाहीत, सरकवायचे.) मग काढून ठेवतो. परवा राहवलं नाही म्हणून त्या इमारतीत गेलो आणि नुसता लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आलो. बाहेर उतरलो नाही, शब्द पाळला. दुसऱ्या खेपेला दार उघडलं तेव्हा आतून बेकरीवाल्या बाईंनी पाहिलं आणि हात हलवला, आणि मी उत्तरादाखल डावा हात हलवेपर्यंत दार मिटलं. तिसऱ्या खेपेला दारात कोचबाई उभी होती. "लिफ्टमध्येसुद्धा नाही," म्हणाली. पण ओरडली नाही. खालपर्यंत माझ्याबरोबर आली, मधल्या हुंकाराला दचकली, आणि मी म्हटलं की हा दोष नाही, स्वभाव आहे. तेवढंच आमचं बोलणं झालं. माझं त्या अख्ख्या दिवसाचं बोलणंही तेवढंच.

तर आता मूळ विनंतीकडे येतो. आपण एक चिठ्ठी लिहून द्यावी की हे नेहमीचंच अंगदुखणं आहे, काळजीचं कारण नाही, सदर इसमाला व्यायामशाळेत निदान बसू द्यायला हरकत नाही. बत्तीस वर्षांच्या सिस्टरच्या अक्षराला वजन असतं. खाली जुना हुद्दा लिहावा. मी ती कोचबाईला दाखवीन, आणि कोणाचंही वाईट होणार नाही. (लिहिताना कोपर टेबलावर टेकलेलं असतं, त्यामुळे खांदा दुखत नाही. पत्र एवढं का लांबलं हे आपल्या लक्षात आलं असेलच.)

अधिक काय लिहू. जे लिहायचं नव्हतं तेही लिहून झालं. पूर्वी लोभ होता तेवढाच असू द्यावा, वाढवा म्हणायला तोंड नाही. तब्येतीला जपावं, गोळी घ्यावी.

आपला,
आपल्या धाकटीचा नवरा
(हे नातं अजून चालू आहे असं धरून)

ता. क. चिठ्ठीचं राहू द्या. वर लिहून झालं आणि वाचून बघितलं तर लाज वाटली. आपण खोटी चिठ्ठी देणार नाही हे मला माहीत आहे, आणि खांद्याला काय झालंय हेही मला माहीत आहे. फरक कसा ओळखायचा हा प्रश्नही मागे घेतो. मला तो पहिल्या दिवसापासून ओळखता येत होता. त्या वेळी मात्र, म्हणजे तिच्या वेळी, खरंच ओळखता आला नाही. ह्या दोन गोष्टी आपण एक समजू नयेत एवढंच सांगायचं होतं.

दुसरा ता. क. हे पत्र मिळाल्यावर फोन करू नये. फोनवर मी बरा आहे असंच म्हणेन. मला ती सवय आहे आणि ती एवढ्यात जाणारी नाही.

तिसरा ता. क. फिजिओबाईंनी एक व्यायाम सांगितला आहे तो माझा मला करता येण्यासारखा नाही. मी हात ढिला सोडायचा, अजिबात जोर लावायचा नाही, आणि दुसऱ्या माणसाने तो कोपराखाली धरून हळूहळू वर न्यायचा, दहा मोजायचे, आणि तसाच खाली आणायचा. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, सहा आठवडे. मी म्हटलं, दोरी आणि कप्पी लावून मी स्वतःच करीन, त्यात माझी हयात गेली आहे. त्या म्हणाल्या, नाही, कप्पीला कळत नाही कुठे थांबायचं, माणूसच पाहिजे. मग त्यांनी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, अक्का आहेत. त्यांनी नातं विचारलं. मी सांगितलं, बायकोची मोठी बहीण, हाडांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. त्या एवढ्या खूश झाल्या की मला पुढे काही बोलताच आलं नाही. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, त्यांनी आपल्याला हात कसा धरायचा हे दाखवायला बोलावलं आहे.

मागची खोली झाडून ठेवली आहे. डाव्या हाताने झाडली, त्यामुळे कोपऱ्यांत केर राहिला असेल. त्यावरून, आणि इतर सगळ्यावरून, काय बोलायचं ते आल्यावर बोला. मी घरीच असतो.